पत्त्यांचा सातबारा कोणाच्या नावावर?

नीरा डाव्या कालव्याच्या काठी ‘ब्लॉक’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. १८८५ साली हा कालवा वाहू लागला, तेव्हा आरंभीच्या वर्षांत त्याच्या पाण्याला म्हणावी तशी मागणी नव्हती. पाऊस बरा झाला तर पाणीपट्टी भरण्यास कोणी उत्सुक नसे. पुढे सासवडचे माळी खाली आले, खंडाने जमिनी घेऊन ऊस लावू लागले आणि चित्र पालटले. ‘हेड’च्या जमिनींनी पाणी ओढले, त्यांतल्या काही पाणथळ होऊन क्षारपड झाल्या, आणि ‘टेल’च्या शेतकऱ्याला पाळीची वाट पाहत बसावे लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी या कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली ती या पार्श्वभूमीवर. ठरावीक जमिनीचा गट, ठरावीक वर्षांची मंजुरी आणि त्या गटातील काही भागावरच ऊस, असे तिचे स्वरूप होते. तीत दोष होते. बागायतदारांनी तिला विरोध केला तो सर्वस्वी निराधार नव्हता. परंतु एक तत्त्व तिने पक्के केले. पाणी सार्वजनिक आहे, घेणाऱ्याचा हक्क वापरापुरता आहे, आणि तो वापराच्या जागेशी बांधलेला आहे.

आज सोमेश्वरनगरच्या परिसरात जमिनीखालच्या पाण्याइतकेच दुसरे एक अदृश्य साधन वापरले जाते. कारखान्याच्या वजनकाट्याची नोंद, महाविद्यालयातील विद्यार्थ्याचा अर्ज, उसाच्या बिलाची बँकेतील जमा, यांतील प्रत्येक व्यवहार इंटरनेटवरून होतो, आणि इंटरनेटवर ज्याला कोणाशी बोलायचे असेल त्याच्या यंत्राला एक क्रमांक लागतो. यालाच आयपी पत्ता म्हणतात. हे पत्तेही सुटे मिळत नाहीत. ते ब्लॉकनेच मिळतात. ते कोणाला, कोणत्या दराने आणि कोणत्या हक्काने मिळाले, हा प्रश्न तंत्रज्ञांचा म्हणून आपल्या चळवळीने बाजूला ठेवला आहे. वस्तुतः तो जमिनीच्या आणि पाण्याच्या प्रश्नाचा सख्खा भाऊ आहे.

या क्रमांकाची रचना साधी आहे. शून्य ते २५५ मधील चार आकडे टिंबांनी जोडले की एक पत्ता होतो. अशा जोडण्या एकंदर सुमारे ४२९ कोटी होतात. त्याहून एकही अधिक नाही. पहिला आकडा कायम धरला तर त्याखाली १ कोटी ६७ लाख पत्ते येतात, पहिले दोन कायम धरले तर ६५,५३६, आणि तीन धरले तर २५६. प्रारंभी वाटप या तीनच मापांत होत असे. ज्या संस्थेला तीनशे पत्ते हवेत तिला २५६ पुरत नसत, म्हणून ती ६५,५३६ घेऊन जाई. पायलीभर धान्य मागणाऱ्याला कणगीच द्यावी तसा हा कारभार होता. १९९३ मध्ये ही पद्धत सोडून दुपटीच्या पायऱ्यांनी लहानमोठे गट पाडण्याची सोय झाली, पण तोवर चांगल्या चांगल्या गटांचे वाटप उरकले होते.

हे वाटप ज्या नोंदवहीत होई ती अनेक वर्षे जॉन पोस्टेल या एका संशोधकाभोवती फिरत होती. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका संस्थेत काम करणारा हा मनुष्य निःस्वार्थी होता याविषयी दुमत नाही. मागेल त्याला क्रमांक द्यावा आणि वहीत नाव लिहावे, एवढाच त्याचा शिरस्ता. त्या काळात हे जाळे अमेरिकी सरकारच्या पैशावर चालणारा विद्यापीठांचा आणि लष्कराचा प्रयोग होता. परंतु निःस्वार्थी तलाठ्याच्या वहीतूनही जमीनदारी निपजू शकते. फोर्ड ही मोटार कंपनी, प्रुडेन्शियल ही विमा कंपनी, इलाय लिली ही औषध कंपनी, ॲपल, मॅसॅच्युसेट्सचे एमआयटी विद्यापीठ, यांपैकी प्रत्येकाला १ कोटी ६७ लाखांचा गट मिळाला, तोही विनामूल्य. अमेरिकी संरक्षण खात्याच्या नावावर वीस कोटींहून अधिक पत्ते आहेत. भारताच्या वाट्याला आजवर आलेले पत्ते चार कोटींच्या आसपास भरतात, म्हणजे साधारण पस्तीस माणसांमागे एक. अमेरिकेत हेच प्रमाण दर माणशी चारांहून अधिक आहे.

३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील शेवटचे गट वाटले गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-प्रशांत विभागाचा साठा आटला आणि तेथे रेशनिंग सुरू झाले. नव्या सभासदाला प्रथम १,०२४ आणि २०१९ पासून केवळ ५१२ पत्ते मिळू लागले. मागून येणाऱ्याला ५१२ आणि आधी आलेल्याला १ कोटी ६७ लाख, ही तफावत गुणवत्तेची नाही, उद्योगशीलतेचीही नाही. ती केवळ कालव्याच्या मुखाशी जमीन असण्याची आहे.

टंचाई आली की बाजार येतोच. २०११ मध्येच नॉर्टेल या दिवाळखोर कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने ७५ लाख डॉलरना घेतले. एका पत्त्याचा भाव सव्वाअकरा डॉलर पडला. जी वस्तू फुकट मिळाली होती ती धनकोंची देणी भागवण्यासाठी विकता येते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. २०१७ मध्ये एमआयटीने आपल्या गटातील सुमारे ८० लाख पत्ते विकण्याचे जाहीर केले आणि ते ॲमेझॉनकडे गेले. २०१९ मध्ये, जगभरच्या हौशी रेडिओचालकांसाठी म्हणून राखलेल्या गटाचा चौथा हिस्सा, सुमारे ४२ लाख पत्ते, अमेरिकेतील एका विश्वस्त संस्थेने ॲमेझॉनलाच सुमारे १० कोटी ८० लाख डॉलरना विकला. पैसा सत्कार्यासाठी निधीत ठेवला हे खरे. पण ‘जगभरच्या’ या शब्दात येणाऱ्या भारतातील रेडिओचालकाला विचारले कोणी? २०२१-२२ मध्ये भाव पन्नास डॉलरच्या पुढे गेला होता. तो नंतर उतरला आहे. भाव उतरला म्हणून खंड उतरला असे मात्र झाले नाही. १ फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉनने आपल्या ग्राहकांकडून अशा प्रत्येक पत्त्यासाठी तासाला अर्धा सेंट आकारणे सुरू केले. वर्षाला हे सुमारे ४४ डॉलर होतात. हौशी रेडिओचालकांच्या पत्त्यासाठी मोजलेले साधारण २६ डॉलर एका वर्षाच्या आत वसूल होऊन वर नफा उरतो. रिकार्डोने ज्याला खंड म्हटले, तो याहून स्वच्छ रूपात क्वचितच पाहावयास मिळतो: मालकाने काहीही निर्माण केलेले नाही, आणि वस्तूही झिजत नाही.

याला एक प्रामाणिक उत्तर दिले जाते आणि ते टाळून चालणार नाही. बाजार नसता तर एमआयटीचे पत्ते पडीकच राहिले असते. किंमत आली म्हणून ते वापरात आले, असा हा युक्तिवाद आहे. त्यात तथ्य आहे. पण पडीक वस्तू वापरात आणण्याचा विक्री हाच एक मार्ग नव्हता. एमआयटीच्याच तोलाच्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने आपला १ कोटी ६७ लाखांचा गट सन २००० मध्ये परत केला, तोही एक पैसा न घेता. एकाने परत केला तेव्हा त्याला नियम बनवता आले असते. कोणी बनवला नाही, आणि अकरा वर्षांनी परत करणारा भोळा आणि राखून ठेवणारा शहाणा ठरला.

नियम करता येतात हे इंदापूर तालुक्याला तरी सांगावे लागू नये. वालचंदनगरच्या कारखान्याने खंडाने घेतलेली हजारो एकर जमीन १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यान्वये कारखान्याकडून निघाली आणि राज्य शेती महामंडळाकडे आली. महामंडळाने तिचे काय केले, मूळ खंडकऱ्यांना ती परत मिळावयास एकविसावे शतक का उजाडावे लागले, याची कथा अभिमानास्पद नाही. तरीही, एका नावावर किती असावे याला समाज मर्यादा घालू शकतो, हे तत्त्व त्या कायद्याने अमलात आणले. पत्त्यांच्या बाबतीत असा कायदा करणारे सभागृहच नाही, ही अडचण खरी आहे. पण ज्यांच्या हाती नोंदवही आहे त्या संस्थांची घटना आहे, सभासद आहेत आणि मतदान आहे.

या मतदानाचे स्वरूप सहकारी कारखान्याच्या सभासदाने अवश्य पाहावे. आशिया-प्रशांत विभागाची नोंदवही एपनिक ही संस्था ठेवते. तिचे कार्यालय ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे आहे. सोमेश्वर कारखान्यात पाच एकरांचा आणि पन्नास एकरांचा सभासद, दोघांनाही एकच मत असते. निवडणुकीत पुढे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे, परंतु उपविधीत तरी मत एकच आहे. एपनिकमध्ये पत्ते जितके अधिक तितकी मते अधिक. सर्वांत लहान सभासदाला एक आणि सर्वांत मोठ्याला ६४. उलट वर्गणी मात्र पत्त्यांच्या प्रमाणात वाढत नाही. पत्ते दुप्पट झाले तरी वर्गणी दुप्पट होत नाही, म्हणजे मोठ्या धारकाला प्रत्येक पत्ता स्वस्त पडतो. शेतसाऱ्याची अशी रचना कोणा सरकारने सुचवली असती तर मोर्चे निघाले असते. युरोपच्या नोंदणीसंस्थेत एका सभासदाला एकच मत आहे. तेव्हा दुसरी रचना अशक्य आहे असेही म्हणता येत नाही.

नोंदवही दुबळी असली तर काय होते, हे आफ्रिकेत दिसले. त्या खंडाची नोंदणीसंस्था, आफ्रिनिक, २००५ मध्ये सर्वांच्या शेवटी उभी राहिली. म्हणून इतरत्र साठे आटल्यावरही तिच्याकडे पत्ते शिल्लक होते, आणि ते वापरासाठी जवळजवळ मोफत मिळत. बाहेर त्याच वस्तूला वीस-तीस डॉलर भाव. इतका चढ-उतार असला की पाणी वाहणारच. नोंदवहीत आतूनच फेरफार करून लाखो पत्ते परस्पर इतरांच्या नावे चढवल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले. दुसऱ्या एका प्रकरणात, सेशेल्समध्ये नोंदलेल्या कंपनीला रीतसर अर्जावर मिळालेले सुमारे ६२ लाख पत्ते खंडाबाहेर भाड्याने दिले जात आहेत, हे वाटपाच्या हेतूशी विसंगत आहे, असे म्हणून संस्थेने २०२१ मध्ये ते परत घेण्याचा प्रयत्न केला. कंपनी मॉरिशसच्या न्यायालयात गेली. संस्थेची बँकेतील खाती गोठवली गेली, २०२३ मध्ये न्यायालयाने तिच्यावर रिसीव्हर नेमला, जून २०२५ मधील निवडणूक रद्द झाली आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा घ्यावी लागली. ज्या खंडाला पत्त्यांची सर्वाधिक गरज, त्याचीच नोंदवही कोर्टाच्या कज्ज्यात अडकून पडली.

भारतात असा दरोडा पडला नाही. येथे जे झाले ते अगदी शांतपणे, सही-शिक्क्यानिशी झाले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने मुंबईतून सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. त्या काळात ज्यांनी टेलिफोनच्या तारेवरून जोडणी घेतली त्यांना २०२.५४ ने सुरू होणारे आकडे अजून आठवत असतील. ते निगमला तिच्या सार्वजनिक कामासाठी मिळालेल्या पत्त्यांपैकी होते. फेब्रुवारी २००२ मध्ये वाजपेयी सरकारने निगमचा २५ टक्के हिस्सा आणि व्यवस्थापन टाटा समूहाला १,४३९ कोटी रुपयांना दिले. भाव शेअरला २०२ रुपये होता. (आकड्यांचा हा योगायोग कोणाच्या ध्यानी आला होता की नाही कोण जाणे.) त्या करारात एक गोष्ट मात्र जपली गेली. निगमकडील सुमारे ७७३ एकर जादा जमीन, जिच्यात पुण्याजवळच्या दिघीचा मोठा तुकडा होता, विक्रीतून वगळण्यात आली. ती सरकारी कंपनीच्या स्वाधीन होण्यास पुढे पावणेदोन दशके लागली, पण ती जनतेची राहिली. पत्त्यांचे गट मात्र कंपनीबरोबर गेले, आणि २००८ पासून कंपनीचे नाव टाटा कम्युनिकेशन्स झाल्यावर ते त्या नावाने चालू लागले.

यात कोणी लाच घेतली असे सुचवायचे नाही. २००२ मध्ये पत्त्यांना बाजारभावच नव्हता. शिवाय पत्ते जाळ्यापासून तोडून काढले असते तर हजारो ग्राहकांची जोडणी तुटली असती, म्हणून ते जाळ्याबरोबर जाणे एका अर्थी योग्यच होते. परंतु वापराचा हक्क जाणे आणि विकण्याचा हक्क जाणे या दोन गोष्टी आहेत. जमीन वाचली, कारण तिला सातबारा होता आणि ती मोजता येत होती. क्रमांकांचा सातबारा ब्रिस्बेनमध्ये होता आणि दिल्लीत तो उघडून पाहणारा कोणी नव्हता. उद्या हे जाळे बंद झाले तर पत्ते सार्वजनिक साठ्यात परत येतील, असे एक वाक्य करारात घालण्यास पैसाही पडला नसता.

वापर आणि मालकी यांतील ही सीमारेषा कागदावर सर्वांना मान्य आहे. नोंदणीसंस्थांच्या करारात पत्ते ही मालमत्ता नव्हे, असेच म्हटलेले असते. आणि त्याच संस्था विक्रीनंतर फेरफाराची नोंद करून देतात. महाराष्ट्रात २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने हेच पाण्याबाबत केले. हक्क केवळ उपभोगाचा, असे एका कलमात म्हटले आणि दुसऱ्यात त्या हक्कांच्या देवघेवीची वाट मोकळी ठेवली. जी वस्तू मालकीची नाही ती विकता कशी येते, या प्रश्नाला कायद्याने दिलेले उत्तर इतकेच, की विक्रीला विक्री म्हणू नये.

टंचाईचा भार कोण वाहतो? सोमेश्वरनगरच्या शेतकऱ्याच्या मोबाईलला स्वतःचा जुन्या पद्धतीचा पत्ता नसतो. कंपनी एकाच पत्त्यामागे शेकडो ग्राहक बसवते, एका चारीवर दारे धरून बसल्यासारखे. तो बाहेर हाक मारू शकतो, पण बाहेरून थेट त्याच्यापर्यंत कोणी पोचू शकत नाही. म्हणून शेतातल्या कॅमेऱ्याचे चित्र घरच्या मोबाईलवर पाहावयाचे तर ते मधल्या एखाद्या कंपनीच्या यंत्रावरून फिरून येते, आणि त्या फेऱ्याचे पैसे महिन्याला मोजावे लागतात. बाजार समितीत आडत्याने जे केले तेच येथे. त्या पत्त्यामागील एकाने गैरवापर केला आणि एखाद्या बँकेने वा संकेतस्थळाने पत्ता अडवला, तर उरलेले शेकडो निरपराध लोकही दाराबाहेर राहतात. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने उसावर कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग झाले आहेत, आणि उत्पादनवाढीचे त्यांचे दावे तपासून घेण्यास हरकत नाही. मात्र शेतातल्या मापकाचा आकडा ज्या गोदामात जातो त्याचे दार आणि दाराचा क्रमांक कोणाचा, हेही त्याच वेळी विचारले पाहिजे.

नव्या पद्धतीच्या पत्त्यांनी हा प्रश्न संपला, असे तंत्रज्ञ सांगतात. आयपीव्ही६ या पद्धतीत पत्त्यांची संख्या ३४० पुढे ३६ शून्ये इतकी आहे, आणि तिच्या वापरात भारत जगात अग्रभागी आहे. २०१६ मध्ये आलेल्या जिओने आपले जाळे आरंभापासून त्यावर उभे केले, त्याचा हा मोठा परिणाम. ही प्रगती खरी आहे आणि तिचे स्वागत केले पाहिजे. परंतु जगातील असंख्य संकेतस्थळे अद्याप जुन्या पत्त्यांवरच भेटतात, म्हणून जुन्या क्रमांकांचा खंड चालूच आहे. आणि वाटपाची घटना तीच आहे. नवे विपुल पत्तेही त्याच ६४ मतांच्या सभेच्या नियमांनी वाटले जातात. विपुलतेच्या काळातच नियम करावयाचे असतात, हे तर नीरेच्या कालव्यानेच दाखवले; मागणी नसताना ढिलाई झाली आणि मागणी आल्यावर ‘टेल’ कोरडे पडले.

तातडीचा प्रश्न भारत संचार निगमचा आहे. या सार्वजनिक कंपनीच्या नावावर जुन्या पद्धतीचे लाखो पत्ते आहेत. २०२१ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या मालमत्ता चलनीकरणाच्या यादीत तिचे मनोरे होते आणि गावोगाव नेलेली भारतनेटची तारही होती. मनोऱ्यांची संख्या छापली गेली, तारेचे किलोमीटर छापले गेले. पत्त्यांची संख्या मोजून त्यांचे काय होणार हे जाहीर सांगितले गेले पाहिजे, नाहीतर विदेश संचार निगमची पुनरावृत्ती होईल, आणि या वेळी भाव नव्हता ही सबब उरणार नाही. हे पत्ते विक्रीस वा दीर्घ भाडेपट्ट्यास अपात्र आहेत, जाळे कोणाकडेही गेले तरी ते वापरापुरतेच जातील आणि वापर संपताच राष्ट्रीय नोंदणीकडे परत येतील, एवढे संसदेकडून वदवून घेणे अवघड नाही. राष्ट्रीय नोंदणी केंद्र २०१२ पासून दिल्लीत आहे, तेव्हा यासाठी नवी कचेरीही काढावी लागणार नाही.

सहकारी संस्थांनाही स्वतःपुरते काही करता येण्यासारखे आहे. साखर कारखाने, दूध संघ, जिल्हा बँका आज आपापल्या पुरवठादार कंपनीच्या पत्त्यांवर बिऱ्हाड करून आहेत. कंपनी बदलली की क्रमांक बदलतात, म्हणून कंपनी बदलणे टळते. त्याच राष्ट्रीय केंद्राकडून नव्या पद्धतीचा स्वतंत्र गट संघाच्या नावे घेता येतो. तो घेण्याचा विषय येत्या वार्षिक सभेच्या पत्रिकेवर एखाद्या सभासदाने लेखी सूचना देऊन आणला, तर संचालक मंडळाला त्यावर निदान बोलावे तरी लागेल.